दिवसपाळीचा डाव

आमच्या शिलाई कारखान्यात कापड कापणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणतात. बोटभर पट्टी उरली तरी ती फेकत नाही. उशीत कोंबेल, खिशाला लावेल, पण टाकणार नाही. पोकर शिकताना हाच गुण तिच्या मुळावर आला.

दिवसपाळीची एक जागा रिकामी झाली होती. अशा जागेवरून डोकी फुटू नयेत म्हणून आमच्याकडे दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात होल्डेम पोकर लागतो, तोही शर्टाच्या बटणांवर. जिंकेल त्याची जागा. मालक त्यात नाक खुपसत नाही. ताई रात्रपाळीला, तिला ती जागा हवीच होती. नवरा बोटीवर, घरी पाच वर्षांचा दमेकरी मुलगा आणि ठार बहिरी सासू. रात्री पोराला धाप लागली तर शेजारी झोपलेल्या म्हातारीला पत्ताच नसतो. मागे एकदा ताई कामावरून परतली तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते.

मी मशीन मेकॅनिक. पत्ते वाटणारा मीच, म्हणून शिकवणीही माझ्याच गळ्यात पडली.

"ताई, दोन पत्ते तुझ्या हातात, पाच मेजावर उघडे. सातांतले चांगले पाच धरायचे. दर टप्प्याला बटणं लावायची, नाहीतर पत्ते टाकायचे."

"टाकायचे? चांगले हातात आलेले?"

"मग सत्ती-दुर्रीचं काय लोणचं घालणार आहेस?"

ती काही टाकेना. येईल तो हात खेळायची आणि सगळी बटणं घालवून बसायची. अशा खेळाडूला आमच्यात मासा म्हणतात, गळ दिसला की तोंड उघडणारा. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मोठी जोडी किंवा एक्का-राजा आला तरच बटणाला हात लाव! बटणं लावायची पाळी शेवटी असेल तर थोड्या हलक्या पत्त्यांवरही खेळ, बाकीच्यांनी काय केलं ते तोवर दिसतं. एरवी मासा होऊ नकोस, तुझं पोर आठव."

हे जरा जास्तच बोललो. पण त्यानंतर ती टाकायला शिकली. प्रत्येक वेळी दात काढून द्यावा तसं तोंड करायची, पण टाकायची.

डावाच्या दिवशी चौघे बसले. दोघे लवकर गारद झाले. उरला इस्त्रीवाला, आमचा थंडोबा. त्याचा चेहरा वाचण्यापेक्षा भिंत वाचावी. बटणं त्याच्याकडे थोडी जास्त होती. ताईने पत्ते उचलले आणि मानेवरचा घाम पुसला.

"सगळी," थंडोबाने ढीग पुढे सारला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वाटणाऱ्याने खूण करायची नसते. तिने आपली सगळी बटणं ढकलली आणि पत्ते उलटले. दोन राजे! थंडोबाचे एक्का आणि सत्ती. दहांत सात वेळा हा डाव ताईचाच.

मी मेजावर तीन पत्ते उघडले. काही नाही. चौथा, तोही फुसका. ताईचे ओठ हलत होते. पाचवा उलटला.

इस्पिकचा एक्का. थंडोबाची एक्क्यांची जोडी झाली, राजांच्या वरची.

थंडोबालासुद्धा मान वर करवेना. ताईने पत्ते नीट जुळवून माझ्यापुढे ठेवले.

"दादा, मी बरोबर खेळले ना?"

"बरोबर, ताई. याहून बरोबर कुणीच खेळलं नसतं."

"मग रात्री पोराची धाप कोण ऐकणार?"

भोंगा वाजला आणि ताई रात्रपाळीला उभी राहिली.