बारशाआधी

ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. सिंदीचा एक शेतकरी दहा दिवसांची मुलगी घेऊन आला. लहानपणी कॅन्सरमुळे त्याचा एक डोळा काढलेला होता. बोलताना तो मान तिरकी करून उरलेला डोळा समोर आणायचा.

बारशाआधी लेकरू घराबाहेर काढत नाहीत. मी रागावलेच, “एवढी घाई कसली?”

“बापाचा डोळा गेला, मंग माहा गेला. हे बियातूनच येते, सिस्टर. नाव मंग ठेवू, आंधी हिचे डोळे पाहा.”

डॉक्टरांना मोहरीएवढी गाठ सापडली. वेळीच उपचार झाले.

त्या कॅन्सरचं जनुक शास्त्रज्ञांना सापडल्याचं मी पुढे वाचलं. या शेतकऱ्यानं ते बापाच्या आणि स्वतःच्या अशा दोन रिकाम्या खोबणींवरून ओळखलं होतं.

वर्षभरानं तो लेकीला कडेवर घेऊन आला, मान ताठ.

“दोन्ही डोळ्यानं मले पाहून राह्यली, सिस्टर!”