बिटकीची कुत्री आणि आत्याचा जळफळाट

आत्याला कुत्र्यांबद्दल तसं काही म्हणणं नव्हतं. सगळं बिनसलं ते त्या फॉर्मपासून.

अकरा पानांचा फॉर्म होता. स्वमग्न मुलाच्या सोबतीला शिकवलेलं कुत्रं हवं असेल, तर संस्थेला सगळं लिहून द्यायचं. मूल कशाला घाबरतं, कितीदा घरातून पळालंय, झोप किती. सातव्या पानावर विचारलं होतं, घाबरल्यावर मूल कोणाकडे जातं? बिटकीच्या आईने लिहिलं होतं, 'आत्याकडे.' पोस्टात टाकते म्हणून आत्याने तो फॉर्म पिशवीत घातला आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना ते एक पान चार वेळा वाचलं. आता सांगा, हे असं स्वच्छ लिहून झाल्यावर कुत्रं कशाला हवं?

कशाला, ते तिलाही पक्कं ठाऊक होतं. बिटकी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. बोलायची मोजकं, पण हात सुटला की सुसाट. वर्षात तीनदा पळाली. तिसऱ्या खेपेला सापडली ती दोन गल्ल्या सोडून, गाड्या धुतात तिथल्या हौदाच्या कठड्यावर, पाय पाण्यात सोडून. शाळेतल्या मोठ्या बाईंनी गोड शब्दांत बजावलं, पुढच्या सत्रात पोरीच्या बरोबर काहीतरी खात्रीची सोय करा, नाहीतर आम्हाला झेपणार नाही. शिकवलेलं कुत्रं असेल तर शाळेतल्या मदतनीस बाई त्याचा पट्टा धरायला तयार होत्या.

आत्या चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं कामाला. काड्या गरम करून कानामागे बसतील अशा वाकवायच्या, नाकावर वळ उठणार नाही असं बघायचं. माणूस दारातून आत आला की याला कुठली फ्रेम बसेल ते तिला कळायचं, आणि ती ते तोंडावर सांगायची. तिचं लग्न जमलं नाही असं लोक म्हणत. मीच जमवलं नाही असं ती म्हणे. भावाच्या घरातली मागची खोली तिची, आणि बिटकीही तिचीच, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

त्याला कारणही होतं. मिक्सर लागला, कुठे हॉर्न वाजला, की बिटकी कान दाबून जमिनीवर पडायची आणि डोकं आपटायची. आई जवळ गेली तर लाथ खायची. मग आत्या यायची. पोरीच्या मांड्यांवर आडवी व्हायची, अंगाचा सगळा भार द्यायची आणि गप्प पडून राहायची. वीस मिनिटांत पोर शांत. हे घरात दुसऱ्या कोणाला जमत नसे, आणि जमत नाही याचं आत्याला मनातून बरंच वाटायचं. खोटं कशाला बोला.

संस्थेत तीन कुत्री दाखवली. पहिला काळा, दांडगा. त्याची धाप ऐकूनच बिटकीने कान झाकले. दुसरा लाडात आला आणि तिच्या मागे धावला. ती भिंतीला जाऊन चिकटली. तिसरी पिवळी कुत्री. तिने बिटकीकडे पाठ केली, खाली बसली आणि मोठी जांभई दिली. बऱ्याच वेळाने बिटकी गेली आणि तिच्या पाठीला पाठ टेकून बसली.

"हीच," ट्रेनर बाई हळूच म्हणाल्या.

आत्याला ते त्यांच्याही आधी कळलं होतं. कळलं म्हणून तर पोटात दुखलं.

पिवळी पंधरा दिवसांच्या बोलीवर घरी आली. ट्रेनर बाईंनी नियम घालून दिला. खाणं फक्त बिटकीच्या हातून, आई शेजारी बसून. बाकी कोणी हाक मारायची नाही, कुरवाळायचं नाही, तुकडा टाकायचा नाही. कुत्रीला घरात एकच माणूस दिसलं पाहिजे.

चौथ्या दिवशी खाली कोणीतरी भिंतीला ड्रिल लावलं आणि बिटकी जमिनीवर पडली. आत्या हातातली उशी टाकून धावली.

"ताई, थांबा," भावजय म्हणाली. "पिवळीला जाऊ द्या."

'ताई, थांबा.' सात वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. पिवळी गेली, बिटकीच्या मांड्यांवर आडवी झाली आणि पडून राहिली. अगदी आत्यासारखीच. आत्याने घड्याळ बघितलं. चार मिनिटं. चार मिनिटांत पोरीचा हात कुत्रीच्या कानाशी खेळायला लागला. भावजय आनंदाने रडत होती. आत्या कामाला निघून गेली आणि एका भल्या गृहस्थाच्या चष्म्याची काडी तिने मोडून ठेवली. एवढ्याशा जनावरावर काय जळायचं, असं तिने स्वतःला बजावलं. पण जळत होती. पार करपली होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी, बाकीचे उठायच्या आत, ती पिवळीला उकडलेलं अंडं द्यायला लागली. बिचारीला कोणी प्रेमाने जवळ घेत नाही म्हणून, असं मनाची समजूत घालून. बिचारी म्हणे! नवव्या दिवशी पिवळी बिटकीची खोली सोडून आत्याच्या दाराशी झोपायला लागली आणि आत्याला जी गार लाट आली अंगात, तिला प्रेम म्हणत नाहीत.

पंधराव्या दिवशी परीक्षा. भर बाजारातला रस्ता. बिटकीच्या कमरेचा पट्टा कुत्रीला जोडलेला, दोरी आईच्या हातात. पोर पळायला गेली तर कुत्रीने जागच्या जागी बसून तिला अडवायचं. ट्रेनर बाईंनी आत्याला सांगितलं, "तुम्ही पलीकडच्या फुटपाथवरून चालत जा. त्यांच्याकडे बघू नका."

आत्या निघाली. पिवळीने मान वर केली, हुंगलं आणि आत्याच्या दिशेने झेप घेतली. आईच्या हातून दोरी सुटली. बिटकी पट्ट्याला लोंबकळत फरफटत रस्त्यावर आली. एक व्हॅन करकचून थांबली, बिटकीपासून हातभर अंतरावर.

कोणाला काही झालं नाही. गुडघे तेवढे सोलले. ट्रेनर बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, "घरातलं कोणीतरी हिला हाताने खायला देतंय."

भावाने बायकोकडे बघितलं. "तुलाच दया येते सगळ्यांची."

"मी नाही दिलं," ती म्हणाली. मग परत म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही. आत्या बिटकीच्या गुडघ्यावरची धूळ पुसत होती. तोंड उघडायची हीच वेळ होती, आणि ती वेळ तिने घालवली.

पिवळीला घेऊन गेले. संस्थेच्या यादीत बिटकीचा नंबर खाली गेला, वर्षभर तरी आता दुसरं कुत्रं मिळणार नव्हतं. भाऊ आणि भावजय एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले. आत्याला वाटलं, चला, होतं तसं झालं सगळं.

कुठलं होतंय. आठवड्याने मिक्सर लागला, बिटकी पडली. आत्या गेली, आडवी झाली, भार दिला. बिटकीने दोन्ही हातांनी तिला ढकललं. आत्या पुन्हा टेकली. पोरीने तिच्या दंडाला चावा घेतला आणि सरपटत गेली ती पिवळीच्या रिकाम्या चटईवर. तिथे ती पाऊण तास डोकं आपटत राहिली. कोणालाच हात लावू देईना.

त्या संध्याकाळी आत्याने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं. "अंडं मी देत होते. मला बघवत नव्हतं."

भाऊ काहीतरी फार वाईट बोलणार होता. भावजयीने त्याला हाताने थांबवलं. ती आत्याला एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंत ना ताई. मीही सात वर्षं तुमच्यावर जळतेच आहे."

हे आत्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती संस्थेत गेली आणि ट्रेनर बाईंसमोर उभं राहून सगळं परत बोलली. बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या. मग म्हणाल्या, "पिवळी अजून इथेच आहे. दुसरी शोधत बसले तर वर्ष जाईल, आणि बिटकीला बसते ती हीच. पण तुम्हाला हिच्या मनातून उतरावं लागेल."

म्हणजे असं की दर रविवारी यायचं. खिशात अंडं ठेवून अंगणात उभं राहायचं. पिवळी येईल, हुंगेल, पाय देईल. द्यायचं काही नाही, बघायचंही नाही. पहिल्या रविवारी पिवळी तासभर तिच्या पायाशी बसून कुंई कुंई करत होती आणि आत्या समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बघत रडत होती. चौथ्या रविवारी कुत्री अर्ध्या वाटेतून परत फिरली. सातव्या रविवारी ती उठलीच नाही. आत्याने ते ट्रेनर बाईंना जाऊन सांगितलं, आणि पिवळी पुन्हा घरी आली.

पंधरा दिवसांनी तोच रस्ता, तीच परीक्षा. या वेळी बाईंनी आत्याला समोरून यायला सांगितलं, अगदी जवळून.

आत्या चालत आली. पिवळी शेजारून गेली, मान सरळ. बिटकीचा हात तिच्या मानेवरच्या केसांत होता. आत्याच्या साडीचा काठ बिटकीच्या दंडाला घासला. पोरीने वरही बघितलं नाही. दोघी पुढे गेल्या.

"पास," ट्रेनर बाई म्हणाल्या.

भावजय दोरी धरून मागून आली. तिने आत्याचा चेहरा बघितला आणि बिटकीला हाक मारायला तोंड उघडलं.

"नको," आत्या म्हणाली. "बोलावू नकोस तिला. जाऊ दे."