माझ्या खुर्चीतला पाहुणा

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचं पापही माझ्याच माथी! आज मी हसतोय हो, पण तेव्हा माझी बोबडी वळली होती.

आम्ही सिंगापूरला होतो, दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, बायको नीलिमा नोव्हेनाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि आमची एकुलती एक मुक्ता सोळा वर्षांची. तिच्या शाळेतल्या मॅडमनी एक पिल्लू सोडून दिलं. अमेरिकेत म्हणे एक कॉलेज आहे, ते हुशार मुलांना शाळेची शेवटची दोन वर्षं गाळून थेट कॉलेजात घेतं. जानेवारीत जायचं! जिच्या केसांचा गुंता सोडवायला अजून आई लागते, ती एकटी अमेरिकेत?

"बाबा, जाऊ की नको?" तिने विचारलं.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

आणि विचारच करत बसलो. आठवडे गेले. विषय निघाला की मी चपला घालून खाली फिरायला. खरं सांगू? विचार कसला डोंबलाचा! पोरगी जाणार ही कल्पनाच नको वाटायची. नाही म्हणायची लाज वाटे आणि हो म्हणायची हिंमत होत नव्हती.

अशाच एका संध्याकाळी पळून खाली आलो. तिथल्या चिनी लोकांचा तो सातवा महिना. आपल्या पितृपक्षासारखाच, फक्त त्यांचे पितर महिनाभर मुक्कामाला असतात. रस्त्याकडेला पत्र्याच्या डब्यात पितरांच्या नावानं कागद जळत होते, राख अंगावर येत होती. आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानात मांडव घातलेला. स्टेजवर चमचमत्या कपड्यांतली एक गायिका. मागे माणसं दाटीवाटीनं उभी आणि पहिली रांग अख्खी रिकामी! लाल खुर्च्या, ओळीनं.

आता आपण पडलो मंडळवाले. पहिली रांग रिकामी म्हणजे प्रमुख पाहुणे आलेले नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवावं लागतं का? गेलो आणि ऐटीत पायावर पाय टाकून बसलो.

मागची कुजबुज एकदम थांबली. गायिका गात होती, पण माझ्याकडे बघेना. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती गोड हसली. मग मान लववली. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी मला मानेपाशी गार लागलं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या आंटी लिम धावत आल्या आणि माझी बाही धरून मला बाहेर ओढलं.

"आयोऽ मिस्टर! व्हाय यू सिट देअर? दॅट वन नॉट फॉर पीपल लाह!"

"मग कोणासाठी?"

आंटींनी नुसतं जळणाऱ्या कागदांकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाल्या, "यू टेक देअर चेअर, दे टेक युअर चेअर."

मी हसलो. म्हणजे, तोंड तसं केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून जरा लवकर आलो. दिवेलागणीची वेळ, पण हॉलमध्ये अंधार. जेवणाच्या टेबलाशी मुक्ता, केस मोकळे, पाठ माझ्याकडे. तिच्यासमोर माझी रोजची खुर्ची, रिकामी. आणि आमची पोरगी त्या खुर्चीशी बोलत होती!

"थँक यू फॉर वेटिंग फॉर मी, सर."

आवाज तिचा नव्हताच. संथ, जड, परक्या मुलखातला. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, एकही सिंगापुरी 'लाह' नाही! अहो, आमची मुक्ता झोपेत बरळली तरी शेवटी 'लाह' लावायची!

ती थांबली. खुर्चीचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखी मान हलवली. "येस, आय अॅम रेडी टु कम. नो, सर. माय फादर डझन्ट नो."

मी बूट हातात घेऊन उलट्या पावली कॉरिडॉरमध्ये! थोड्या वेळानं मुद्दाम खोकत, किल्ल्या वाजवत आत आलो, तर दिवे लागलेले आणि बाईसाहेब अभ्यासाला बसलेल्या. "बाबा, यू लुक सो पेल लाह!"

त्या दिवसापासून मी उभ्यानं जेवू लागलो. नीलिमानं विचारलं, तर म्हणालो पाठ दुखतेय. काय सांगणार? माझ्या खुर्चीत पाहुणा बसलाय म्हणून?

मग आली ती शुक्रवारची संध्याकाळ. नीलिमाची ड्युटी होती. मी घरात शिरलो तर माझी खुर्ची जागेवर नाही! मुक्ताच्या खोलीचं दार बंद, फटीतून निळसर उजेड आणि आतून तोच आवाज. मी नीलिमाला फोन लावला.

"अगं, मुक्ता वेगळ्याच आवाजात बोलतेय. कोणाशी तरी."

"सुरू झालं का? बोलू दे तिला," नीलिमा घाईत कुजबुजली. "आणि हे बघ, काही झालं तरी दार उघडू नकोस. ठेवते, काम आहे."

म्हणजे हिला माहीत होतं! आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? आतून शब्द आले, "आय वॉन्ट टु लीव्ह होम." तसाच स्वयंपाकघरात धावलो. आईची पद्धत. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, तापल्या तव्यावर टाकल्या आणि धुराचा लोट घेऊन दार उघडलं.

"लीव्ह हर!" मी ओरडलो. भूत तिथलं, त्याला मराठी कळणार कसं? "शी इज नॉट कमिंग! आय सॅट इन युअर चेअर! टेक मी!"

मुक्ता खोकायला लागली, मीही खोकायला लागलो. माझ्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग, त्यावर लॅपटॉप. पडद्यावर कॉफीचे मग धरलेले दोन प्राध्यापक. ते मात्र खोकले नाहीत.

मुलाखत! मी विचार करत बसलो म्हणून मायलेकींनी मला न सांगताच ठरवलेली. मॅडमनी सांगितलं होतं, रिकाम्या खुर्चीत प्रोफेसर बसलेत असं समजून सराव कर. तो आवाज म्हणजे अमेरिकन उच्चारांची तालीम!

त्यातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाला, "मुक्ता, इतक्या लवकर घर का सोडायचंय, असं मी विचारलं होतं ना? राहू दे. मला उत्तर मिळालं."

प्रवेश मिळाला हो! पण मुक्तानं मलाच विचारलं, "बाबा, खरंच माझ्या जागी जायला निघाला होतात?" मी मान डोलावली. तिनं डोळे पुसले. "आता सांगा, जाऊ?"

"जा," म्हणालो. पहिल्यांदाच, विचार न करता.

जानेवारीत ती गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो, दार उघडंच होतं. समोर तिची खुर्ची. सवयीनं तोंडातून निघालं, "काय गं, जेवलीस का? थंडी फार आहे का तिकडे?" आणि उत्तर ऐकल्यासारखी मानही हलवली मी!

वर पाहिलं तर दारात आंटी लिम. पांढऱ्याफटक. त्या तशाच मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळातून मंतरून आणलेला एक पिवळा कागद नीलिमाच्या हातात ठेवला आणि तिच्या कानात सांगितलं, "तुझ्या नवऱ्याच्या उशीखाली ठेव."