गुरुवारचा दात आणि उधार सुपारी
ता. ९ फेब्रुवारी २००६, गुरुवार. ठरलेली रक्कम चोवीस हजार. नाशिकच्या दवाखान्यात हजर डॉक्टर, वडील आणि मी. रविवारी आमच्या दिंडोरीच्या घरी धाकट्या बहिणीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती आणि वडिलांचा पुढचा दात पडलेला. "व्याह्यासमोर हे खिंडार घेऊन बसू व्हय?" हा त्यांचा सवाल. डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवून त्याच दुपारी वर दात लावला, पण बजावलं, "काका, हा तात्पुरता आहे, दिसण्यापुरता. हाड स्क्रूला धरेपर्यंत चार महिने कडक काही चावू नका. स्क्रू हलला तर सगळं वाया." रविवारी सुपारी फुटली. देवळ्याच्या व्याह्यांनी लवंगेच्या वासाचं सुपारीचं खांड वडिलांच्या तळहातावर ठेवलं. ते तोंडात टाकल्याशिवाय आमच्यात सोयरीक पक्की धरत नाहीत. वडील ते बोटांत नुसतंच फिरवत राहिले. आतल्या दारात बहीण ओढणीचं टोक पिळत उभी. शेवटी वडील म्हणाले, "पाव्हणं, दात गुरुवारचा हाय, हाडानं अजून धरला नाय. सोयरीक रोख, सुपारी तेवढी उधार ठेवा." व्याही खो खो हसले. "मग मलाबी सुपारीऐवजी ताटातला बेदाणाच द्या. माझी तर आख्खी कवळी हाय, सुपारी मी नुसती गालात धरतो!" दोघांनी आमच्याच बागेचा बेदाणा तोंडात टाकला. तो स्क्रू अजून जागेवर आहे. जूनमध्ये त्यावर पक्का दात बसला, तेव्हा राहिलेले नऊ हजार मी डॉक्टरांना दिले. आणि वडिलांनी देवळ्याला जाऊन, व्याह्यांसमोर दाढेखाली खांड फोडून, त्यांची सुपारी फेडली.