मिठाचे हात

परवा नरपडच्या घरी अंगणात मासळी खारवताना आईचे मिठाने पांढरे झालेले हात पाहिले आणि माझी काचेची टाकी आठवली. उंबरगावहून मी दोन लाल मासे आणले होते, तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, "पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा हां भाई, मगच जुन्यांत सोडा." मला कुठला एवढा धीर! घरी पोचल्या पोचल्या सोडले. आठवड्याभरात टाकीतल्या सगळ्याच माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. नव्या माशांनी रोग आणला होता, हे मला पाहताक्षणी कळलं. पण त्यांना रोज दाणे टाकायची आई. ती रडवेली होऊन म्हणाली, "माझेच हात खारे रे. मासळी खारवता खारवता तशीच उठून दाणे टाकायची मी. मीठ लागलं त्यांना." तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी उलट मोठेपणाने म्हणालो, "असू दे आई, तू काय मुद्दाम केलंस?" एकेक करून सगळे मेले. आता भाचीने टाकी घेतली आहे. आई तिथे गेली की काचेपाशी वाकून कौतुकाने बघते, आणि बघताना दोन्ही हात पदराखाली घेते.