माझ्या नवऱ्याच्या फिल्ममधली बायको

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं काहीच मी कधी मानलं नाही. मोहल्ल्यात कोणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया पाहायला धावायच्या आणि मी घरात तुटलेलं सूत जोडत बसायचे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, अशी माझी समजूत पक्की होती. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. मासिकांत असल्या हकिकती वाचून मीच हसत आले… आता माझी लिहायला बसले आहे. कोणाला दाखवीन असं वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. आम्ही नागपुरात तांडापेठेत राहत होतो. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, त्याच्या डाव्या हाताला कांड्या भरायचा रहाट आणि रहाटाच्या बरोबर मागे माजघराचं दार. कांडी म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. नवरा लुगडी विणायचा, कांड्या मी भरायचे. धाकटा दीर मिलमध्ये होता. त्याची बायको कुसुम — मॅट्रिक झालेली, गोरी, बोलकी. तिनं रहाटाला कधी हात लावला नव्हता.

एक दिवस मुंबईहून फिल्मवाले साहेब घर पाहायला आले. विणकरांवर माहितीपट काढायचा होता. मी नेहमीसारखी पदर ओढून चुलीपाशी जाऊन बसले. चहा कुसुमनं नेला, साहेबांनी विचारलं त्याची उत्तरं तिनंच दिली. जाताना ते सासूबाईंना म्हणाले की शूटिंगच्या दिवशी रहाटावर या बाईंना बसवा, यांचा चेहरा चांगला येईल.

आता आमच्यात धाकटी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बसत नाही. तो पुढच्या खोलीत असला की ती मागच्या दारानं जाते. लग्न होऊन आल्यापासून कुसुम माझ्या नवऱ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, सासूबाई साहेबांना हाकलून देतील. तर त्या म्हणाल्या, "सिनेमाच त आहे, खरं थोडंच आहे."

आणि नवरा? तो दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आला.

"कांड्या मी भरते, अन् दिसन ती?" मी त्याला विचारलं.

"तू त चुलीमागं लपली होती वं," तो हसून म्हणाला. "कॅमेरा का चुलीत घालू?"

शूटिंगच्या दिवशी सकाळच्या बसनं मी रामटेकला माहेरी निघून गेले. आईला बरं नाही असं सांगितलं. आई ठणठणीत होती. ते दोघं शेजारी बसलेले मला पाहवले नसते, एवढंच कारण. दुपारी कासारीण आली. माझ्या हातात दोन-दोनच बांगड्या पाहून आईनं आठ-आठ भरायला लावल्या. मी हात पुढे करून बसले होते, पण डोळ्यांपुढे आमचीच पुढची खोली होती.

दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा सगळं कळलं. साहेबांनी रेडिओ आत ठेवायला लावला होता. विजेचा बल्ब काढून कंदील टांगला होता. कुसुमची लुगडी नवी दिसतात म्हणून तिला माझं विटकं लुगडं नेसवलं होतं. माझं! हे कशाला, असं नवऱ्यानं विचारलं तर साहेब म्हणाले म्हणे, हा सिनेमा नाही, कॅमेरा आहे तेच दाखवतो.

कुसुमनं भरलेल्या कांड्या टोपलीत होत्या. सगळ्या मध्ये फुगलेल्या, एकही धोट्यात बसेना. मी त्या नवऱ्याला मुद्दाम दाखवल्या आणि उलगडून पुन्हा भरल्या. किती बरं वाटलं ते काय सांगू.

पाच-सहा महिन्यांनी साहेब फिल्म घेऊन आले. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळं कापड लावून दाखवली. सगळा मोहल्ला जमला होता. पडद्यावर नवऱ्याचे पाय दिसले, मग धोटा, मग रहाटावर कुसुम — मान खाली, माझ्या लुगड्यात. आणि कोणाचा तरी भारदस्त आवाज म्हणाला, विणकर आणि त्याची पत्नी दिवसभर राबतात…

लोक हसले. शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, "काहून वं, तुही सवत केव्हा आली?"

तेवढ्यात कॅमेरा जरा सरकला आणि रहाटामागचं दार दिसलं. दारात मी उभी होते.

चौकट धरलेल्या हातात आठ बांगड्या. मी मोजल्या. आणि तोंड… तसं तोंड मी आरशातही कधी पाहिलं नव्हतं. कुसुमच्या पाठीवर डोळे रोखलेले. महिनोन्‌महिने मनात दाबलेलं सगळं तिथं, एवढ्या लोकांसमोर.

मी शेजारणीचा दंड घट्ट धरला. पण खोटं कशाला लिहू? भीतीच्या आधी क्षणभर मला आनंद झाला होता. मीही आले, म्हणून.

"तू त रामटेकले होती न वं?" नवरा म्हणाला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

साहेबांनी मशीन थांबवून तेवढा भाग पुन्हा लावला. पुन्हा मीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. त्या दारात कोणी नव्हतं, ते आपणच रिकामं करून घेतलं होतं, असं ते दोनदा म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हा तुकडा कापावा लागेल. पत्नी ही दाखवली आहे, मग मागे ती कोण, असं विचारतील लोक."

परक्या पुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तुमी त म्हणत होते, आहे तेच दाखवता. त्यायची बायको मी आहो."

साहेब चष्मा पुसत राहिले. तो तुकडा पुढे राहिला की कापला, आम्हाला कधी कळलं नाही.

घरी येताना कुसुम मागे रेंगाळली, माझ्या बरोबरीनं चालू लागली. हळूच म्हणाली, "बाई, मले त्या दिवशी वाटलं होतं, तुमी मागं उभ्या आहा म्हणून."

"मंग वळून काहून नाही पाहिलं?"

"वळली असती अन् तुमी नसत्या, त उठून पळाली असती. भासऱ्याच्या बाजूले बसून माहे हात कापून राहिले होते. बाई मागं आहेत म्हणून बसली."

 रामटेकच्या ओसरीवर बांगड्या भरून घेणारी मी त्या दारात कशी आले, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. साहेबांनाही झाला नाही. आणि ते तोंड पडद्यावर दोनदा पाहूनही कुसुमनं मला असं सांगितलं… तिच्या त्या चांगुलपणाचाही मला हेवाच वाटला.