शंका ज्याची, वाचन त्याचं

धाकटा जेवला असेल का, ही काळजी आईला कधी फारशी नव्हती. हाताला चव होती त्याच्या, स्वतःपुरतं नीट करून खायचा. तिच्या जिवाला घोर असायचा तो वेगळाच: आज तो कोणाशी बोलला असेल का?

दातांच्या लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा. समोर दिवसभर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, तेही आ वासून, आणि त्यातला एकही बोलत नाही. घासायच्या मशीनचा आवाज असा, की शेजारच्यालाही हातवारे करूनच सांगायचं. संध्याकाळी भाड्याच्या दोन खोल्यांत तो एकटा. आई फोन करायची, तेव्हा पलीकडून "हं" यायचं, मग "बरं", आणि मग "ठेवू?" एवढ्यात त्याचा आठवडा आटपायचा.

"लोकांची तोंडं दुरुस्त करतो आणि स्वतःचं शिवून ठेवलंय," बाबा म्हणायचे.

"तुमच्यावरच गेलाय," आई म्हणायची. हे साफ खोटं होतं. बाबांचं तोंड फक्त घास गिळण्यापुरतं मिटायचं.

मोठ्या मुलीचं, म्हणजे ताईचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "अगं, रविवारी दुपारी येऊन बघ एकदा. त्याला गप्प बसवावं लागतं."

"मग आई-बापाशी बोलायची काय बंदी आहे?"

"तुम्ही खेळात नाही ना," ताई म्हणाली आणि हसली.

तो खेळ आईच्या पचनी पडायला वेळ लागला. एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी चोर, कोणी वैदू, कोणी तलवारबाज. अडलं की फासा टाकायचा आणि पुढे काय ते नियमांच्या जाड पुस्तकात बघायचं. सूत्रधार म्हणजे धाकटा. खेळणारे तीन: ताई, लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आणि हॉस्पिटलातली एक नर्स. फासे धाकट्याने लॅबमध्ये उरलेल्या मालातून स्वतः ओतलेले, वीस बाजूंचे आणि हिरडीच्या रंगाचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आईला शिसारी आली होती.

सुरुवातीला सगळं पुस्तकावरच चालायचं. एका नियमासाठी पानं उलटता उलटता चहा गार व्हायचा आणि मेकॅनिक पेंगायला लागायचा. मग सगळं फोनवर गेलं. झटपट सापडायचं, पण चौघांच्या माना खाली. "हे आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यासारखं दिसतंय," नर्स म्हणाली, "फक्त कोणी खोकत नाही." तेव्हा धाकट्याने स्वतःची पद्धत काढली. फोन टोपलीत. टेबलावर एकच टॅबलेट, तोही उताणा. त्यावर नकाशा, कोण कुठे उभा आहे, कोणाला किती लागलंय, हा सगळा हिशेब. नियम मात्र पुस्तकातूनच, आणि ज्याला शंका येईल त्यानेच ते पान उघडून मोठ्याने वाचायचं. शंका ज्याची, वाचन त्याचं. भांडणं निम्म्यावर आली, कारण निम्म्या शंका वाचायच्या कंटाळ्यानेच विरायच्या.

एका रविवारी आई त्याचा उसवलेला स्वेटर शिवून द्यायला गेली. दुसऱ्या मजल्यावर दार अर्धवट उघडं होतं. ती जिन्यातच थबकली. आत एक म्हातारा नावाडी खाकरून बोलत होता, मग एक लाचखाऊ जकातदार, मग एक बाई, आणि तिन्ही आवाज धाकट्याचेच.

"पाय पुसून आत या! आणि दार लावा, वारा काय फुकट आहे म्हणून सगळाच घरात घ्यायचा का? राक्षस मारलात म्हणे. मारलात तर मारलात, जेवून मारायचा होता!"

आत हशा पिकला. मेकॅनिक ओरडला, "मावशी, तुमच्या सराईत जागा आहे का?"

"जागा आहे, पण तोंड धुऊन या आधी!"

आईने जिन्याचा कठडा धरला. वारा काय फुकट आहे, हे वाक्य तिचं होतं. जेवून मारायचा होता, हा ठसकाही तिचाच. सराईतली ती मावशी नखशिखान्त तीच होती. आधी तिला राग आला. मग हसू आलं, आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. स्वेटर दाराच्या कडीला अडकवून ती आल्या पावली परतली. आपल्याशी न बोलणारा मुलगा आपल्याच तोंडाने इतकं बोलतो, हे तिने बाबांनासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गावभर केलं असतं.

त्यानंतर तिचा घोर बराच हलका झाला होता. आणि तेवढ्यात नर्सची बदली झाली, रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब.

त्यावरही तोडगा निघाला. तिच्या रिकाम्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, नकाशा तिला तिच्या घरी दिसायला लागला. पण पहिल्याच रविवारी तिचा वैदू नदीत पडला. श्वास किती वेळ रोखता येतो, ही शंका तिची, मग वाचायचं तिने. पुस्तक तर टेबलावर. तिने इंटरनेटवर शोधलं, तिथे नव्या आवृत्तीचा नियम. त्याप्रमाणे वैदू जगत होता. ताईने पुस्तकातून जुना वाचला, त्याप्रमाणे तो मेला.

"मग खरं कोणाचं?" मेकॅनिकने विचारलं.

"मी नर्स आहे, माझ्यासमोर कोणाला मेलेला ठरवू नका," ती पडद्यातून म्हणाली. आधी सगळे हसले, मग हमरीतुमरीवर आले. जुनी आवृत्ती आता बाजारात मिळत नव्हती. पानांचे फोटो पाठवू, असं मेकॅनिक म्हणाला. "फोटो कोणी वाचत नाही, नुसते सरकवतात," धाकटा म्हणाला आणि जो गप्प झाला तो झालाच. संध्याकाळी त्याने सगळ्यांना कळवलं: बंद करू या.

हे आईला ताईकडून फोनवर कळलं. तिला राक्षसांचं सोयरसुतक नव्हतं. पण ते टेबल मिटलं की तिच्या मुलाचं तोंडही मिटणार होतं, आणि त्याच्याबरोबर नावाडी, जकातदार, मावशी, सगळे.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात गाजरं किसत होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, नेहमीसारखे मोठ्याने.

"अहो, पाणी उद्या जाणार की परवा? परत वाचा."

"परवा. तुला किती वेळा वाचून दाखवायचं? स्वतः येऊन बघ ना."

"माझे हात भरलेत. पेपर तुमच्याकडे आहे ना, मग वाचा."

असं म्हणताना तिचा किसणीवरचा हात थांबला. घरात पेपर एकच. तो भिंतीपलीकडे, आणि तरी स्वयंपाकघरात बसून तिला सगळं जग कळत होतं. टेबलापाशी टॅबलेट होता, एकमेकांची तोंडं होती, फासे होते. लांब गेलेलीच्या हातात मात्र काहीच नव्हतं. मग पुस्तक टेबलावर हवंय कशाला? ते नर्सकडे पाठवून द्यावं. कोणालाही शंका आली की तिने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. पुस्तक एकच राहील, नियमही एकच. आणि लांबची नर्स सगळ्यांना सारखी लागत राहील.

अडचण एकच होती. ते पुस्तक धाकटा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. ओल्या हाताचं बोट लागलं तरी त्याचा चेहरा उतरायचा. आई सांगायला जाणार आणि पलीकडून येणार "हं". मग "बरं". मग "ठेवू?"

तिने हात पुसले. लॅबमध्ये आता जेवणाची सुट्टी झाली असेल, मशीनही बंद असेल.

"कोणाला फोन?" बाबांनी पेपरावरून डोकावून विचारलं.

"सूत्रधाराला."

"कोणाला?"

आईने फोन हातात घेतला. जेवलास का, हे आज विचारायचंच नाही, असं तिने ठरवलं. आईला तो "हं" म्हणेल. पण सराईतल्या मावशीने समोरून हाक मारली, तर सूत्रधाराला गप्प बसून कसं चालेल? तिने घसा खाकरला, पदर खोचला आणि पहिलं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं: पाय पुसून आत ये, आणि ते तुझं जाड पुस्तक घेऊन ये, मला एक शंका आहे. मग तिने नंबर लावला.